बाकीची बदली आणि व्यापाऱ्याची पत

अलीकडे व्यापारी बंधूंच्या बैठकीत एक प्रश्न वारंवार निघतो. एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर साचलेली बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर वळवून घेतली, तर आपला ‘सिबिल’ खाली येतो काय? सियागंजातील किराणा व्यापारी हा प्रश्न विचारतो, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटातील कापडवाला विचारतो, आणि सराफ्यातील पेढीवरचा तरुण भागीदार तर वडील मंडळींच्या कानी पडू नये अशा बेताने विचारतो. प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि त्याच्या पोटात व्यापाऱ्याची पत म्हणजे काय, ती कोण मोजतो आणि कशावरून मोजतो, हा मोठा प्रश्न दडलेला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्याविषयी आमचे मत मांडावे असे आम्हांस वाटले.

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांस पुढे वाचण्यास सवड नाही त्यांची खोळंबा होणार नाही. बाकीच्या बदलीने, म्हणजे इंग्रजी शिक्षणाने ज्यास आपण ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणतो त्या व्यवहाराने, पत बुडत नाही. प्रथम दोन-चार महिने आकडा किंचित खाली जातो व नंतर, माणूस शिस्तीचा असेल तर, पूर्वीपेक्षाही वर येतो. मात्र तो शिस्तीचा नसेल, तर हाच व्यवहार त्यास दुप्पट ऋणात नेऊन सोडतो. आमच्या पाहण्यात दुसरा प्रकार अधिक आहे, आणि त्याचे कारण बँकेच्या कागदापेक्षा आमच्या दुकानदारीच्या नव्या रीतीत शोधावे लागते.

इंदूर हे हुंडीवर वाढलेले शहर आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईस जात असे आणि तिच्या मागे-पुढे इंदूर, उज्जैन व मुंबई यांच्यामध्ये हुंड्यांची ये-जा चाले. पुढे कापूस आला, गिरण्या आल्या, सर सेठ हुकुमचंदांसारखे उद्योगपती आले, १९२० साली बँक ऑफ इंदौर निघाली. (ती १९६० साली स्टेट बँकेची उपबँक झाली आणि २०१० साली स्टेट बँकेतच विलीन झाली.) परंतु बँक आली म्हणून हुंडी लगेच गेली नाही. दर्शनी हुंडी दाखविताच रोख मोजावयाची, मुदती हुंडी ठरल्या मितीस फेडावयाची, शाहजोग हुंडीचे पैसे केवळ प्रतिष्ठित शाहाच्याच हाती द्यावयाचे, आणि या सेवेबद्दल हुंडणावळ घ्यावयाची, हा क्रम आमच्या आजोबा-पणजोबांच्या अंगवळणी होता. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानेही देशी भाषेतील अशा कागदांबाबत स्थानिक वहिवाट अबाधित ठेवली होती. व्यापाऱ्यांचे आपसांतील तंटे ऐकण्यास होळकरशाहीतील इंदुरात ‘ग्यारह पंच’ ही पंचसभा होती.

त्या काळच्या हुंडीच्या व्यवहारातील एक गोष्ट आजच्या तरुणांस ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगतो. हुंडी लिहिणाऱ्यास आपल्या आडत्याविषयी जरा जरी शंका असली, की तो हुंडीबरोबर त्याच गावच्या दुसऱ्या एखाद्या स्नेही पेढीच्या नावे एक चिठ्ठी देत असे. तिला ‘जिकरी चिठ्ठी’ म्हणत. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती सकारली नाही, तर दुसऱ्या पेढीने ती सकारावी व लिहिणाऱ्याची अब्रू राखावी, एवढाच त्या चिठ्ठीचा हेतू. म्हणजे अडचण येऊ शकते हे गृहीत धरून अब्रू राखण्याची सोय त्या पद्धतीतच केलेली होती. आणि पैसे चुकते झालेली हुंडी ‘खोखा’ म्हणून जपून ठेवीत, कारण देणे फिटल्याचा तोच पुरावा. या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

एक हुंडी चुकविण्यासाठी दुसरी लिहिण्याची चालही जुनीच आहे. अनुभवी सराफ अशा माणसास ओळखत असे. कापसाचा भाव पडला, गाडी अडकली, घरात दुखणे आले, अशा कारणाने एकदा मुदत पालटून घेणारा वेगळा, आणि दर मुदतीस नव्या पेढीचा उंबरठा झिजविणारा वेगळा, हा विवेक सराफापाशी होता. त्यास आकडेमोड लागत नसे, कारण तो माणूस, त्याचे घर व त्याची दुकानदारी पाहून असे. या पद्धतीचे दोषही आम्ही विसरत नाही. जात, नाते आणि गाव यांच्या बाहेरच्या माणसास ती पत देत नसे, विधवेस देत नसे, आणि एकदा का सराफाचे मन कलुषित झाले की दाद मागण्यास जागा नसे. जुने ते सगळे सोने होते असे म्हणणारांत आम्ही नाही.

ओळखीची ही पत वहीत उतरविण्याची कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर अंमलात आणली ती अमेरिकेतील एका रेशमाच्या व्यापाऱ्याने. १८३७ च्या मंदीत ज्याचा धंदा बसला त्या लुईस टॅपन याने १८४१ साली न्यूयॉर्क येथे ‘मर्कंटाईल एजन्सी’ काढली आणि गावोगावच्या बातमीदारांकडून व्यापाऱ्यांची वर्तणूक, मालमत्ता व देण्याघेण्याची रीत लिहून मागविली. पुढे शतकाने वर्तणुकीचे वर्णन गळून पडले व गणित उरले. आपल्या देशात २००० साली क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो स्थापन झाला, त्याच्याच नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘सिबिल’. २००५ साली या कामासाठी स्वतंत्र कायदा झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार संस्था हे काम करतात. लोक मात्र चारही आकड्यांस सिबिलच म्हणतात, जसे कोणत्याही वनस्पती तुपास डालडा म्हणतात. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० यांमध्ये असतो. त्याची दहशत आता किती पसरली आहे पाहा. २०२५ च्या फेब्रुवारीत वऱ्हाडातील मूर्तिजापूरहून वृत्त आले की, मुलाचा सिबिल पाहून मुलीकडच्यांनी ठरलेले लग्न मोडले. पत्रिका जुळली, आकडा जुळला नाही!

आता हा आकडा काय पाहतो? तो कारण पाहत नाही, मिती पाहतो. मागील ३६ महिन्यांत प्रत्येक महिन्याला देणे किती दिवस उशिरा पोचले, मिळालेल्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरात आहे, खाती किती जुनी आहेत, आणि अलीकडे नव्या कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, एवढे त्याचे मुख्य विषय. बाकीच्या बदलीचा परिणाम यांपैकी प्रत्येकावर होतो, म्हणून एक उदाहरण घेऊन हिशेबच मांडू.

समजा, एका दुकानदाराच्या कार्डाची मर्यादा २,००,००० रुपये आहे व बाकी १,५०,००० आहे. दरमहा शेकडा साडेतीन हा व्याजाचा दर क्रेडिट कार्डात मुळीच विशेष नाही. त्या दराने महिन्याचे व्याज ५,२५० रुपये, त्यावर शेकडा १८ प्रमाणे जीएसटी ९४५ रुपये, एकूण ६,१९५. पुष्कळ बँका किमान देय रक्कम बाकीच्या शेकडा पाचाच्या आसपास ठेवतात, म्हणजे येथे ७,५००. आमचा दुकानदार तेवढे भरून स्वस्थ झोपतो, कारण किमान रक्कम वेळेवर भरल्याने आकड्यात उशिराची नोंद होत नाही. परंतु त्या ७,५०० पैकी मुद्दलात जमा होतात फक्त १,३०५ रुपये. वर्षास शेकडा ३० हून अधिक व्याज अनुचित होय, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निर्णय होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा त्या मर्यादेचा आधारही आता नाही.

अशा वेळी दुसरी बँक निरोप पाठविते, की तुमची बाकी आमच्याकडे आणा, सहा महिने दरमहा शेकडा एकच व्याज घेऊ, व्यवहाराची फी शेकडा दोन. दुकानदार नवे कार्ड घेतो. त्याचीही मर्यादा २,००,०००. दीड लाख तिकडे वळतात. फी ३,००० व तिच्यावरील कर ५४० मिळून ३,५४० रुपये प्रथमच अंगावर पडतात. त्याने सहा महिने दरमहा २५,००० मुद्दल फेडले, तर नव्या कार्डावर साऱ्या सहा महिन्यांचे व्याज व कर मिळून ६,१९५ रुपये होतात, म्हणजे जुन्या कार्डाच्या एकाच महिन्याइतके. जुन्या कार्डावर याच गतीने फेडले असते तर सुमारे २१,६८० लागले असते. फी धरूनही जवळजवळ १२,००० रुपये वाचले. हा व्यवहार वाईट आहे असे कोण म्हणेल?

आकड्याचे काय झाले ते आता पाहू. नव्या कार्डासाठी अर्ज केला तेव्हा बँकेने चौकशी केली, तिची नोंद झाली. नवे खाते उघडले, त्यामुळे खात्यांचे सरासरी वय घटले. या दोहोंमुळे आकडा थोडा उतरतो. दुसऱ्या बाजूस, पूर्वी २,००,००० पैकी १,५०,००० वापरात होते, म्हणजे शेकडा ७५. आता दोन्ही कार्डांची मिळून मर्यादा ४,००,००० झाली आणि वापर शेकडा साडेसदतीसवर आला. हा फरक आकड्यास वर नेणारा आहे, आणि मुद्दल जसजसे फिटेल तसतसा तो अधिकच वर नेईल. शेकडा तीसच्या आत वापर ठेवावा असे जाणकार सांगतात. तो कायद्याचा नियम नव्हे, परंतु व्यवहारात उपयोगी आहे. नवे कार्ड न घेता जवळ असलेल्याच दुसऱ्या कार्डावर बाकी वळविली, तर नवे खाते उघडत नाही, मर्यादाही वाढत नाही, आणि आकड्यात फारसा फरक पडत नाही.

येथवर ठीक. बिघडते ते पुढे.

जुने कार्ड रिकामे झाले म्हणून कोणी ते तत्काळ बंद करतो. भावना चांगली आहे, मोह नको म्हणून करतो. पण त्याच क्षणी मर्यादा पुन्हा २,००,००० वर येते, वापर पुन्हा शेकडा ७५, आणि जुन्या खात्याचे वयही कालांतराने हिशेबातून जाते. म्हणून कर्ज फिटेपर्यंत जुने कार्ड मोडू नये, तिजोरीत कुलपाखाली ठेवावे असे आमचे मत आहे. वार्षिक फी भारी असेल किंवा स्वतःच्या हातावर विश्वासच नसेल तर मात्र खुशाल मोडावे. आकडा सहा महिन्यांत सावरतो, बुडालेले दुकान सावरत नाही.

दुसरा कोणी उलट करतो. जुने कार्ड रिकामे दिसले की त्यावर पुन्हा एक लाखाचा माल उचलतो. आता देणे २,५०,००० व मर्यादा ४,००,०००, म्हणजे वापर शेकडा साडेबासष्ट. पूर्वी एका बँकेचे देणे होते, आता दोन बँकांचे झाले. बाकीची बदली घातक ठरते ती बहुतेक याच वाटेने. नव्या कार्डावर खरेदी करण्यातही असाच खड्डा आहे. वळविलेली बाकी उभी असताना त्याच कार्डावर नवी खरेदी केली, तर नेहमीचे बिनव्याजी दिवस बहुधा मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून पूर्ण दराचे व्याज सुरू होते. शेकडा एक दर आहे तो फक्त वळविलेल्या बाकीस, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

तिसरा खड्डा सर्वांत लहान, पण चांगली चांगली शिस्तीची माणसे त्यात पडलेली आम्ही पाहिली आहेत. जुन्या बँकेचा हिशेब एका तारखेस निघतो आणि नव्या बँकेची रक्कम पुढे काही दिवसांनी पोचते. या मधल्या दिवसांचे व्याज जुन्या कार्डावर चढत राहते व पुढील महिन्याच्या हिशेबात तीन-चारशे रुपयांची शेपटी येते. दुकानदार समजतो की खाते मिटले. तो पत्रकच उघडत नाही. ती क्षुल्लक रक्कम थकते आणि तिच्या पोटी उशिराची नोंद लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निदेशांनी कार्डाचे देणे तीन दिवसांहून अधिक थकल्यावरच तशी नोंद करावी असे घातले. १८८१ च्या कायद्यातही मुदतीच्या विनिमयपत्रास तीनच दिवसांची सवलत आहे हे पाहून गंमत वाटते. परंतु ज्याने पत्रकच उघडले नाही त्यास तीन दिवस काय आणि तीस दिवस काय! आकड्याच्या दृष्टीने चारशे रुपये थकविणारा हा केवळ ‘उशिरा देणारा’ असतो. येथे जिकरी चिठ्ठी नाही. म्हणून अर्ज मंजूर झाला तरी जुन्या कार्डाच्या देय तारखेस किमान रक्कम आपली आपण भरावी, नंतरचे दोन महिने पत्रक पाहावे, आणि बाकी शून्य झाल्याचा लेखी दाखला बँकेकडून मागून घ्यावा. तोच आजचा खोखा.

आता आम्ही मूळ दुखण्याकडे वळतो. एवढी बाकी साचते कशी? घरखर्चामुळे क्वचित, दुकानामुळे बहुधा. दिवाळीपूर्वी माल भरावयाचा असतो, उधारीचे येणे लांबते, घाऊक व्यापारी रोख मागतो. खिशातले कार्ड पुढे केले की काम भागते. पेढीचे देणे असे नकळत घरच्या नावावर चढते. एकहाती मालकीच्या पेढीत कायद्याने दोन्ही एकच, हे खरे. परंतु म्हणूनच धोका अधिक. पुढे तोच माणूस पेढीसाठी कॅश क्रेडिटची मर्यादा मागावयास बँकेत जातो, तेव्हा मॅनेजर प्रथम मालकाचा वैयक्तिक अहवाल काढतो. त्यात तीन कार्डे काठोकाठ भरलेली, सहा महिन्यांत चार चौकशा, दोन बदल्या. मॅनेजरला काय कळणार की तो सगळा पैसा साड्यांच्या गठ्ठ्यांत उभा आहे आणि लग्नसराईत मोकळा होईल? जुन्या सराफास ते दुकानात पाऊल टाकताच कळले असते. आकड्यास कळत नाही, आणि आकडा कळवून घेण्याचा यत्नही करीत नाही. याबद्दल आकड्यावर रागावून उपयोग नाही. तो जे वाचतो तेच त्याच्यापुढे ठेवण्याची व्यवस्था आपणच केली पाहिजे.

त्यासाठी मार्ग नाहीत असेही नाही. जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापारासही अग्रक्रमाच्या कर्जापुरते लघुउद्योगांत धरले जाते व उद्यम नोंदणी करता येते. मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्यात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळते, आणि २०२४ पासून ज्यांनी पूर्वीचे मोठे कर्ज नीट फेडले त्यांस वीस लाखांपर्यंत. बँकेच्या कर्जाचा दर कार्डाच्या दराच्या जवळपासही जात नाही. कागद जमवावे लागतात, फेऱ्या माराव्या लागतात, विवरणपत्रात विक्री खरी दाखवावी लागते, म्हणून आपले लोक टाळतात. आणि शेवटी कारण तेच असते, की खरी विक्री दाखवावयाची नसते. हे बोलणे कोणास कडू लागेल, पण आपल्याच स्मरणिकेत ते नाही बोलावयाचे तर कोठे?

याहूनही कडू एक गोष्ट आहे. कार्डे ‘फिरविण्याचा’ धंदा बाजारात चालतो. ज्याचे देणे थकले त्याचे कार्ड एखाद्या दुकानाच्या यंत्रावर घासावयाचे, माल काहीच द्यावयाचा नाही, विक्रीची खोटी पावती करावयाची आणि शेकड्यास दोन-तीन रुपये कापून रोकड त्याच्या हाती ठेवावयाची. तो त्या रोकडीने दुसऱ्या कार्डाचे देणे भरतो. बँकेची बाकी-बदली निदान उघड करार असतो. ही बदली म्हणजे उघड उघड खोटा लेख. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे, ती याहून निराळी काय असणार? ‘एका स्नेह्याची अडचण भागविली’ असे म्हणून कित्येक बंधू आपले यंत्र पुढे करतात. अडचण भागत नाही, एका महिन्याने तीच अडचण व्याजासह परत येते, आणि न झालेल्या विक्रीचे बिल आपल्या वहीत राहते. आमच्या मते कोणाही सभासदाने आपले यंत्र या कामास देऊ नये, आणि संघटनेने तसा ठराव करण्यास संकोचू नये.

यावर तरुण मंडळींचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात, भांडवल स्वस्त असेल तेथून घ्यावे, शेकडा एक दराने बाकी फिरत ठेवली तर त्यात अधर्म कसला? अधर्म नाहीच, हिशेब चुकतो एवढेच. दर सहा महिन्यांनी नवी बँक, नवी चौकशी, पुन्हा शेकडा दोनची फी. आणि जेव्हा चौथी बँक नकार देते, तेव्हा सगळी बाकी एकदम पूर्ण दराने अंगावर येते. नकार नेमका अडचणीच्याच काळात येतो, कारण अडचणीनेच आकडा उतरलेला असतो. हुंड्या पालटणाऱ्याचे दिवाळे असेच निघे. तरीही त्यांच्या म्हणण्यात एक अंश खरा आहे. पूर्वीच्या पिढीने कर्ज म्हटले की कानांवर हात ठेवले व मुलांस व्याजाचे गणित कधी शिकविलेच नाही. ज्या घरांत चोपडापूजन थाटाने होते, त्याच घरांत कार्डाचे पत्रक न वाचता फाडले जाते.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतास परिग्रहपरिमाण म्हणतात. मनुष्याने आपल्या संग्रहाची मर्यादा आपण होऊन ठरवावयाची व ती पाळावयाची. बँकही कार्डास मर्यादाच घालते, तिला तोच शब्द वापरते. पण ती मर्यादा बँकेच्या नफ्यासाठी असते आणि माणूस जितका वेळेवर देत जातो तितकी ती वाढत जाते. चार लाखांची मर्यादा मिळाली म्हणजे चार लाखांची ऐपत झाली असे मानणारा माणूस बँकेच्या अंदाजास आपले व्रत समजतो. जो पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवतो की या कार्डावर साठ हजारांच्या वर जावयाचे नाही, त्याचा आकडा कोणास विचारावा लागत नाही. पर्युषणाच्या शेवटी आपण सर्वांची क्षमा मागतो. ती ऋणकोने धनकोची मागितली तरी मुद्दल माफ होत नाही, हे आमचे एक वृद्ध स्नेही दर वर्षी हसत सांगत असत.

‘सेटलमेंट’विषयी एवढेच. थकलेल्या बाकीपैकी काही घेऊन बँक उरलेले सोडते, आणि वसुलीचा माणूस सांगतो की खाते साफ झाले. अहवालात मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पतसंस्थांनी अशी माहिती किमान सात वर्षे ठेवावयाची असते. शक्य तोवर पूर्ण बाकी फेडून खाते ‘बंद’ असे नोंदवून घ्यावे. बाकीची बदली व ही तडजोड एकच, असे समजणारे बंधू आम्हांस भेटले आहेत. पहिलीत देणे पूर्ण दिले जाते, दुसरीत बुडविले जाते.

शेवटी प्रत्येकाने आपला अहवाल स्वतः पाहावा, याविषयी. २०१७ पासून प्रत्येक पतसंस्थेने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा असा नियम आहे, आणि आपला अहवाल आपणच पाहिल्याने आकडा उतरत नाही. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी माहिती निदान पंधरवड्यास कळवावयाची आहे, तेव्हा फेडलेले देणे दिसण्यास पूर्वीइतका वेळ लागू नये. अहवालात चूक आढळली तर तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दर दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. आपल्या समाजात ही चूक विशेष संभवते, कारण पुष्कळांनी गोत्र व गावनाव सोडून नुसते ‘जैन’ असे आडनाव लावले आहे, आणि एकाच नावाचे, एकाच वयाचे, एकाच बाजारातील चार गृहस्थ सहज निघतात. एकाचे थकलेले कार्ड दुसऱ्याच्या अहवालात शिरले, तर बँकेच्या खिडकीशी त्यास प्रथमच कळते. पॅन क्रमांक, जन्मतारीख व पत्ता अहवालात बरोबर आहेत की नाहीत, हे दिवाळीपूर्वी वही बांधतानाच पाहून घ्यावे. ज्यांस संगणकावर ते जमत नाही अशा वडील सभासदांसाठी संघटनेच्या कार्यालयात चोपडापूजनाच्या आधीचे चार दिवस एक जाणता तरुण बसवावा, अशी आमची सूचना आहे. एका माणसास अर्धा तासही पुरे.